साडेसोळा हजार अक्षरं आणि एक लेबल

माणूस आणि पापलेट यांच्यात सदतीस गोष्टी सारख्या आहेत आणि त्या एकाच क्रमानं मांडलेल्या आहेत. ताटात तळलेला तुकडा घेऊन बसलेल्याला हे सांगू नये, एवढं मला आता कळलंय. तुम्ही जेवत नसाल असं धरून सांगते.

आपल्या पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. केंद्रकातला अफाट, त्याच्याबद्दल सगळेच बोलतात. दुसरा असतो माइटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक कणांत. हे कण फार फार पूर्वी स्वतंत्र जीवाणू होते. दुसऱ्या पेशीत शिरले, तिथंच राहिले, आणि पिढ्यानपिढ्या आपला बहुतेक डीएनए यजमानाच्या केंद्रकाकडे सोपवत गेले. शेवटी जवळ उरलं ते एवढंच: प्रथिनं बनवणारी १३ जनुकं, आणि ती प्रथिनं जुळवायला हातभार लावणाऱ्या आरएनएंची जनुकं: २२ टीआरएनए आणि २ आरआरएनए. बेरीज ३७. शिवाय एक पट्टा, ज्यात जनुक एकही नाही, पण नक्कल करायला सुरुवात होते ती तिथून. हे सगळं मिळून एक बंद वर्तुळ. डीएनए लिहिलेला असतो तो ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत. माणसात हे वर्तुळ १६,५६९ अक्षरांचं, उत्तर अटलांटिकमधल्या कॉड माशात १६,६९६ अक्षरांचं. आपली आणि हाडं असलेल्या माशांची वाट चाळीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. अक्षरं पुष्कळ बदलली आहेत. पण लांबीत फरक पडला तो जेमतेम सव्वाशेचा, आणि जनुकांची रांग जशीच्या तशी राहिली.

हा डीएनए आईकडून येतो. बापाचा हिस्सा त्यात धरायचा नाही. म्हणजे एका पापलेटचं वर्तुळ वाचलं की हाती येते ती माद्यांची एक सलग ओळ: आई, तिची आई, तिची आई.

संशोधकांना हे वर्तुळ आवडतं त्याचं कारण मात्र फारसं उदात्त नाही. ते सोपं पडतं. केंद्रकातल्या जनुकाच्या प्रत्येक पेशीत दोनच प्रती, याच्या शेकडो, कधी हजारो. त्यामुळे मासा नीट बर्फात राहिलेला नसला, सुकवलेला असला, अगदी शिजवलेला असला, तरी काही ना काही हाताला लागतं. हॉटेलातल्या थाळीतला मासा खरंच कुठला, हे शोधण्याचे प्रयोग जगभर झाले ते याच जोरावर.

माणसाचं अख्खं वर्तुळ १९८१ साली केंब्रिजमध्ये, फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत वाचलं गेलं. सँगर यांना तोवर दोन नोबेल मिळून चुकली होती, १९५८ आणि १९८० साली. एवढ्या हातांखालून गेलेल्या मजकुरातही काही चुका राहिल्या. १९९९ साली तोच नमुना पुन्हा वाचला तेव्हा त्या निघाल्या. त्यातली एक मला फार आवडते. एका ठिकाणी लागोपाठ दोन 'सी' लिहिले होते, प्रत्यक्षात होता एकच. पण एक अक्षर काढलं तर पुढच्या तेरा हजार अक्षरांचे क्रमांक एकेकानं मागे सरकणार, आणि तोवर आजारांच्या, वंशावळींच्या असंख्य नोंदी जुन्या क्रमांकांवर बसल्या होत्या. म्हणून ३१०७ या जागेवर काही नाही असं ठरवून टाकलं आणि जागा तशीच ठेवली. वर मी १६,५६९ लिहिलं, त्यातलं एक अक्षर म्हणजे ही राखून ठेवलेली रिकामी जागा.

माशांची पाळी उशिरा आली. १९९२ साली तैवानच्या ओढ्यांतला एक लोच मासा, १९९४ साली कार्प, १९९६ साली नॉर्वेत कॉड. एकेका माशावर वर्षं जात. मग जपानमध्ये मासाकी मिया आणि मुत्सुमी निशिदा यांनी वर्तुळाचे लांबलांब तुकडे एका दमात वाढवून घ्यायची, म्हणजे त्यांच्या असंख्य प्रती काढायची, पद्धत बसवली आणि कामाला वेग आला. १९९९ साली त्यांनी खोल समुद्रातल्या एका माशाचं वर्तुळ प्रसिद्ध केलं, तर त्यात काही टीआरएनए आपली जागा सोडून भलतीकडेच बसलेले! हाडांच्या माशांत तोवर असं कुणी पाहिलं नव्हतं. चाळीस कोटी वर्षांची रांग मी मघाशी कौतुकानं सांगितली खरी, पण ती सगळ्यांनीच पाळलेली नाही.

मी या कामात आले ती एका प्रकल्पाच्या नोकरीमुळे. पापलेट निवडला तो आमच्या मॅडमनी. कारण सरळ होतं: मी पालघरकडची, सातपाटीला माझ्या ओळखी आणि मासा ओळखता येणारी प्रयोगशाळेत मी एकटीच. बाकीच्यांना जनुकं ओळखता येत होती.

बंदरावर नमुना घेणं म्हणजे बाजार करणं नव्हे. मासा ताजा हवा, अख्खा हवा, शेपटीचं टोक तुटलेलं चालत नाही, पोटाला चिरा गेलेली चालत नाही. ज्या मावशींकडून मी घेत असे त्यांना हा चोखंदळपणा पटायचा, फक्त पुढचं पटायचं नाही. मी मासा तिथंच काट्यावर ठेवायची, पट्टी लावून फोटो काढायची, पराचा एक कपटा कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकायची आणि लेबल लिहायची: बंदर, तारीख, बोट कुठल्या बाजूला गेली होती, जाळं कुठलं. मग उरलेला अख्खा सरंगा, म्हणजे मोठा पापलेट, फॉर्मॅलिनच्या बरणीत जायचा.

"अगं पोरी, एवढा मोठा सरंगा! खायचा तरी," मावशी म्हणायच्या. त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशीचा भाव मला ठाऊक असायचा, आणि बरणीचं झाकण लावताना माझ्याही जिवावर यायचं.

पण अख्खा मासा ठेवावाच लागतो. कपट्यातून डीएनए निघेल, सगळी अक्षरं वाचून होतील. पुढं कुणी विचारलं की ही अक्षरं नेमकी कुणाची, तर बोट दाखवायला मासा पाहिजे. त्याला व्हाउचर म्हणतात. कपटा अल्कोहोलमध्ये आणि धड फॉर्मॅलिनमध्ये, कारण फॉर्मॅलिन शरीराचा आकार टिकवतं पण डीएनएची वाट लावतं. दोन्ही बरण्यांवर क्रमांक एकच. सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कंटाळवाणा भाग हाच. प्रकल्पाच्या खर्चाच्या कागदात त्याला ओळसुद्धा नव्हती.

प्रयोगशाळेतलं काम ऐकायला भारी, करायला निगुतीचं. कपटा एन्झाइममध्ये रात्रभर विरघळवायचा, फिनॉल-क्लोरोफॉर्म घालून प्रथिनं बाजूला काढायची, वरचा स्वच्छ थर हलक्या हातानं उचलायचा, थंड अल्कोहोल घातलं की डीएनए खाली बसतो. मग वर्तुळाचे तुकडे वाढवून घ्यायचे आणि वाचायला द्यायचे. आता नव्या यंत्रांवर सगळा डीएनए एकदम वाचून त्यातून वर्तुळ संगणकाकडून वेचून घेता येतं. आम्ही जुन्या पद्धतीनं, तुकड्यातुकड्यानं गेलो. एका खेपेला सातआठशे अक्षरं नीट वाचता येतात. पुढं रेघा गढूळ होतात. वाचलेल्या शेवटाजवळ पुढच्या तुकड्याची सुरुवात धरायची, आणि प्रत्येक तुकडा मागच्यावर थोडा चढलेला ठेवायचा, छपरावर कौलं चढवतात तसा. न चढवलेली जागा राहिली तर तिथून गळती ठरलेली.

पडद्यावर चार रंगांच्या लाटा येतात. ए, टी, जी, सी. जिथं लाट उंच आणि एकटी तिथं अक्षर पक्कं. जिथं दोन लाटा एकमेकींत शिरल्या तिथं संगणक 'एन' लिहून मोकळा होतो आणि निर्णय आपल्यावर टाकतो. या लाटा बघत मी जितका वेळ बसले तितका वेळ पूर्वी कधी कुठलं पुस्तक वाचलेलं नाही. एक सावधगिरी कायम ठेवावी लागते. माइटोकॉन्ड्रियाच्या मजकुराचे जुने तुकडे कधीतरी केंद्रकात जाऊन पडलेले असतात, निकामी होऊन. ते चुकून वाढले तर आपण भलतंच वाचत बसतो. प्रथिनाच्या ऐन मध्यावर थांबायची खूण, म्हणजे प्रथिन इथं संपलं असं सांगणारी अक्षरं दिसली, की संशय घ्यायचा.

त्या बिनजनुकाच्या पट्ट्यानं सर्वांत जास्त छळलं. तो सगळ्यांत वेगानं बदलतो, त्यात एकेक अक्षराच्या लांबच लांब रांगा असतात आणि यंत्र अशा रांगेत शिरलं की किती मोजले ते विसरतं. शेवटचं कौल तिथंच बसायचं होतं. ते बसलं, दोन टोकं जुळली आणि आकडा साडेसोळा हजारांच्या आसपास येऊन थांबला. मॅडम म्हणाल्या, "ठीक." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नव्हतं.

मग सुरू होतं खरं वाचन, आणि यात मी जरा रेंगाळणार आहे. कारण या मजकुराची काटकसर बघण्यासारखी आहे.

दोन जनुकांच्या मध्ये मोकळी जागा जवळपास नाहीच. एक संपलं की लगेच दुसरं. काही ठिकाणी तर पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू होतं: एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, बनवणाऱ्या यंत्रणेची दोन जनुकं माशांत साधारण दहा अक्षरांपुरती एकमेकांवर चढलेली असतात. पेशी अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचते. तीच दहा अक्षरं, एका चौकटीत वाचली तर पहिल्या प्रथिनाचं शेपूट आणि एक घर सरकून वाचली तर दुसऱ्याचं तोंड. बहुतेक प्रथिनं 'एटीजी'नं सुरू होतात, पण माशांत सीओ-वन हे जनुक सहसा 'जीटीजी'नं सुरू होतं, का ते विचारू नये. आणि थांबायची खूण तीन अक्षरांची असायला हवी, तर अनेक जनुकांच्या शेवटी नुसता एक 'टी' असतो. बाकीचे दोन 'ए' लिहिलेलेच नाहीत. जनुकाची आरएनए नक्कल कापून सुटी झाली की तिच्या शेपटाला पेशी एरवीही 'ए'ची माळ जोडते. त्या माळेतले पहिले दोन 'ए' मिळून थांबायची खूण पुरी होते. जी अक्षरं पुढं आपोआप मिळणार आहेत ती मुळात ठेवायची कशाला, असा हिशेब. आपल्या माइटोकॉन्ड्रियातही नेमकं हेच चालतं. हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मी घरी फोन करून आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवलीस का.

एवढं सगळं जुळल्यावर उरलं एकच काम: फाइलच्या वर माशाचं नाव लिहायचं. मला वाटलं होतं हे पाच मिनिटांचं काम.

शाळेच्या पुस्तकांपासून सरकारी तक्त्यांपर्यंत सगळीकडे आपल्या पापलेटचं शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेन्टियस असं दिलेलं असतं. हे नाव १७८८ सालचं. स्वीडनच्या युफ्रासेन यांनी ते दिलं, चीनकडून आलेल्या माशाचं वर्णन करून. पुढं १८२९ साली फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी कँडिडस असं दुसरं नाव दिलं. नंतरच्या तज्ज्ञांना दोन्ही एकच वाटले, आणि नियमाप्रमाणे जुनं नाव टिकलं, नवं मागे पडलं. त्यांना दोष देता येत नाही. पापलेटची खवलं हात लावला की सुटतात, पोटाकडचे पर मोठ्या माशात नसतातच, आणि रंग बर्फात ठेवल्यावर वेगळा, बाहेर काढल्यावर वेगळा. ओळखीच्या खुणा म्हणाव्यात अशा गोष्टी या माशानं फारशा ठेवलेल्याच नाहीत. त्यातून हिंदी महासागर ते जपान एवढ्या पट्ट्यात याचे अनेक भाऊबंद, सगळे चपटे, सगळे चंदेरी.

मग अक्षरं वाचायला लागल्यावर गोंधळ उघडा पडला. माशांच्या ओळखीसाठी सीओ-वनचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वापरायची पद्धत २००३ नंतर रुळली. २००५ साली ऑस्ट्रेलियात दोनशेहून जास्त जातींवर ती तपासली, तेव्हा असं दिसलं की एकाच जातीतल्या दोन माशांत सरासरी अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक असतो, आणि एकाच प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटातल्या, दोन वेगळ्या जातींत सरासरी दहा टक्क्यांच्या घरात. अरबी समुद्रातला पापलेट आणि चीनच्या समुद्रातला पापलेट शेजारी ठेवले, तर ते पहिल्या हिशेबात बसेनात. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या कोची केंद्रातल्या संशोधकांनी हे काम नेटानं लावून धरलं. अक्षरांबरोबर त्यांनी माशांचे मणके मोजले, कल्ल्यांवरचे काटे मोजले, मापं घेतली, आणि २०१९ साली क्युव्हिए यांचं अडगळीत पडलेलं नाव बाहेर काढून उत्तर हिंदी महासागरातल्या चंदेरी पापलेटला परत दिलं. आपला पापलेट पॅम्पस कँडिडस.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण ऐकणारे नेहमी उलटं ऐकतात. 'डीएनएनं सिद्ध केलं' असं म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. डीएनएनं फक्त हे दोन वेगळे आहेत इतकं सांगितलं. कुठल्याला कुठलं नाव, हे अक्षरांत लिहिलेलं नसतं. त्यासाठी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची वर्णनं, मासे कुठून आले होते त्याच्या नोंदी आणि बरण्यांतले मासे चाळावे लागतात. कँडिडस परत आला तो मणके मोजणाऱ्यांमुळेही.

आणि सार्वजनिक विदापेढ्यांत, म्हणजे संशोधक वाचलेली अक्षरं जिथं जमा करतात तिथं, तोवर काय साठलं होतं? अर्जेन्टियस या नावाखाली भरलेल्या नोंदी. काही चीनच्या, काही कुवेतच्या, काही आपल्या. अक्षरं सगळ्यांची खरी, प्रामाणिकपणे वाचलेली. वरचं नाव तेवढं एकच, आणि खालचे मासे वेगवेगळे. चिनी संशोधकांनी आपल्या बाजूच्या पापलेटांचा असाच हिशेब मांडला तेव्हा त्यांनाही चुकीच्या नावाच्या नोंदी ढिगानं सापडल्या. यातल्या पुष्कळ नोंदींना फोटो नाही, बंदराचं नाव नाही, बरणीचा क्रमांक नाही. मग त्या सोळा हजार अक्षरांचं करायचं काय? नाव नसलेला मजकूर निदान प्रामाणिक तरी असतो.

मावशींना मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. चीनचा पापलेट वेगळा निघाला म्हणून त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. समुद्र वेगळा, मासा वेगळा, त्यात काय? त्यांना आश्चर्य वाटलं ते दोघांना एकच समजत होते याचं. आपल्याकडे अधूनमधून मिळणारा, शेपूट कमी दुभंगलेला दुसरा एक जाडसर पापलेट त्या टोपलीतून न बघता नुसत्या बोटांनी वेगळा काढतात. तो पॅम्पस चायनेन्सिस. त्याच्या बाबतीत जनुकांनी मावशींना दुजोरा दिला आहे.

हलव्याचंही तसंच. इंग्रजीत त्याला काळा पॉम्फ्रेट म्हणतात, म्हणून शहरात लोक त्याला पापलेटचा भाऊ समजतात. कोळीवाड्यात कुणी समजत नाही. जनुकंही समजत नाहीत. तो ट्रेव्हलींच्या कुळातला. मग पापलेटचे खरे नातेवाईक कोण? मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली माइटोकॉन्ड्रियाच्या आणि केंद्रकाच्याही जनुकांवरून एक मोठी वंशावळ मांडली. त्यात ट्यूना, सुरमई, बांगडा यांचं कुळ आणि इतर चौदा कुळं एका मुळातून निघाली असं दिसलं. त्या चौदांत पापलेटचं कुळ आहे. आणि वाकटीचंही! लांब, चपट्या, पट्टीसारख्या वाकटीचं. डायनासोर संपले त्या सुमाराला समुद्रातल्या मोठ्या शिकारी माशांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि बहुधा खोल पाण्यातून आलेल्या एका पूर्वजाच्या वंशजांनी त्या भराभर वाटून घेतल्या, असा त्या लेखाचा कयास. शरीरं इतकी वेगवेगळी झाली, की दोनशे वर्षं कुणाला नातं दिसलं नाही. सुरमई, बांगडा, वाकटी आणि पापलेट एकाच पाटीत बघितले की मला आता लग्नघरातली माणसं दिसतात: तोंडवळा एकाचाही दुसऱ्याशी जुळत नाही आणि आडनाव सगळ्यांचं एक.

पापलेटच्या घशात, कल्ल्यांच्या थोडं मागे, आत दाते असलेल्या दोन टणक पिशव्या असतात. साफ करताना त्या बोटाला लागतात आणि आपण त्या फेकतो. जेलीफिश आणि बारीकसारीक प्लवंग खाणाऱ्या माशाला ते वाटून घ्यायला त्या उपयोगी. या कुळाची ती जुनी खूण. पुढच्या वेळी बघा.

आता हे सगळं कशाला, हा प्रश्न मला लग्नात, रेल्वेत, बँकेत विचारला गेला आहे. जातीचं नाव बदललं म्हणून चव बदलत नाही, हे मान्य. पण साठ्याचा हिशेब बदलतो. पर्शियन आखातापासून बंगालच्या उपसागरापर्यंतचा पापलेट हा एक स्वतंत्र वंश असेल, तर तो इथं संपला म्हणजे संपला. चीनच्या समुद्रातला मासा कितीही असला तरी तो इथली जागा भरून काढायला येणार नाही. पूर्वी कागदावर दोन्ही एक होते तेव्हा जगात भरपूर असलेला मासा असं म्हणून निभत होतं.

महाराष्ट्रानं २०२३ साली चंदेरी पापलेटला राज्यमासा केलं. मी वाचलेल्या बातम्यांत शास्त्रीय नाव जुनंच होतं. त्याच वर्षी अनेक जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला गेला, त्यात पापलेट आहे. हे चांगलंच झालं. फक्त पावसाळ्याची बंदी उठून ऑगस्टात बोटी बाहेर पडल्या की पुढचे काही आठवडे बंदरावर जाऊन बघा. तळहातात मावतील अशी पिल्लं पाटीच्या पाटी भरून उतरतात. डोल जाळ्याचा खोला, म्हणजे शेवटची पिशवी, बारीक आसाचा, बारीक भोकांचा. ते लावलेलं असतं बोंबील-जवळ्यासाठी, पण शिरणाऱ्याला ते विचारत नाही. हे पिल्लू आणखी काही महिने पाण्यात राहिलं असतं तर त्याचं वजन आणि भाव कितीतरी पट झाला असता, हे पकडणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मी सोडलं तर शेजारची बोट धरणार, हेही त्याला कळतं. या प्रश्नाला साडेसोळा हजार अक्षरांत उत्तर नाही. मला तसं कुणी भासवलेलं आवडतही नाही. परिषदांमधून असं भासवणारे पुष्कळ भेटतात.

मात्र एका गोष्टीत या अक्षरांचा उपयोग आता फार जवळ येऊन ठेपला आहे. समुद्रातून बाटलीभर पाणी घ्यायचं, गाळायचं आणि त्यात माशांच्या अंगावरून, विष्ठेतून सुटलेला डीएनए वाचायचा. मियांच्याच गटानं २०१५ साली यासाठी लागणारे प्रायमर, म्हणजे हवा तो तुकडा धरून वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे कपटे, तयार केले, ओकिनावाच्या मत्स्यालयातल्या टाक्यांच्या पाण्यावर तपासून बघितले, आणि आज ते जगभर वापरतात. वाचायचा तुकडा १२एस आरआरएनएमधला, पावणेदोनशे अक्षरांच्याही आतबाहेरचा. जाळं न टाकता खाली कोण आहे ते कळायचं, अशी ही सोय. पण तो तुकडा स्वतःचं नाव सांगत नाही. संगणक तो विदापेढीतल्या नोंदींशी ताडून बघतो आणि जी सर्वांत जवळची निघेल तिच्यावरचं नाव छापून देतो. नोंदीवर नाव चुकीचं असेल तर निकालही चुकीचा, आणि तो दशांश चिन्हासकट छापून येतो. उद्या सातपाटीच्या समोरचं पाणी कुणी वाचलं आणि तक्त्यात अर्जेन्टियस आलं, तर तो समुद्रात नव्हे, कुणाच्या तरी जुन्या फाइलीत पोहत असेल.

म्हणून आमची नोंद पाठवताना मी बरणीचा क्रमांक, बंदर, जाळं आणि बरण्या कुठं ठेवल्यात ते सगळं घातलं. मॅडमनी नावाच्या रकान्यात कँडिडस लिहिलं, परत वाचलं आणि पाठवायला सांगितलं.

जुन्या नोंदींचं काय, हे मी विचारून बघितलं. विदापेढीतला साधारण नियम असा, की नोंद ज्यानं पाठवली दुरुस्तीही त्यानंच पाठवायची. दुसऱ्या कुणाला ती बदलता येत नाही. नियम योग्य आहे, नाहीतर कुणीही कुणाच्या कामावर हात फिरवेल. तेव्हा हिंदी महासागरातल्या माशांवर अर्जेन्टियस लिहिलेल्या काही नोंदी मी बाजूला काढल्या, त्यांच्याखाली दिलेले पत्ते उतरवून घेतले आणि नम्रपणे पत्रं लिहिली: आपल्या नमुन्याचा फोटो असल्यास, बंदराचं नाव आठवत असल्यास. एकांनी लगेच कळवलं की बघतो. एकांचं उत्तर आलं की त्या वेळच्या विद्यार्थ्यानं मासा बाजारातून आणला होता आणि तो विद्यार्थी आता विमा कंपनीत आहे. बाकीची पत्रं पत्ता बंद असल्याच्या शेऱ्यासह परत आली.